पाइपांच्या वजनाचा अंदाज : तक्ता, सूत्र आणि वजनकाटा यांचा मेळ कसा घालावा?

मोजमापक (धागाकर्ता)

नमस्कार. एका बांधकाम प्रकल्पातील पाणीपुरवठा, अग्निशमन आणि वातानुकूलनाच्या पाइपांचे परिमाणपत्रक तयार करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. लांबी नकाशावरून काढता येते आणि तिच्यावरून फारसा वाद होत नाही. वाद होतो तो वजनावरून. खरेदी विभागाला आकडा टनांत हवा असतो, वाहतूकदाराला ट्रकच्या क्षमतेसाठी हवा असतो, संरचना अभियंत्याला स्लॅबवर येणाऱ्या भारासाठी हवा असतो, आणि या तिघांनाही एकाच तक्त्यातला एकच आकडा मिळावा अशी सर्वांची अपेक्षा असते.

धागा काढण्याचे तात्कालिक कारण असे. १५० मिमी नाममात्र (म्हणजे केवळ ओळखीपुरत्या) व्यासाचे, शेड्यूल ४० चे (शेड्यूल म्हणजे भिंतीच्या जाडीची श्रेणी), एएसटीएम ए ५३ या अमेरिकी मानकातले ग्रेड बी प्रतीचे वेल्डेड काळे, म्हणजे जस्ताचा लेप नसलेले, पाइप मागवले होते. प्रत्येकी ६ मीटरचे ८० नग, म्हणजे ४८० मीटर. पाइपांच्या प्रमाणित वजनांच्या तक्त्यात या पाइपाचे वजन २८.२६ किलो प्रतिमीटर आहे, त्यानुसार एकूण १३,५६५ किलो होते आणि पुरवठादाराचे देयकही तेवढ्याच वजनाचे आहे. वजनकाट्यावर मात्र निव्वळ वजन १२,९०० किलो भरले. म्हणजे ६६५ किलोंची, जवळजवळ पाच टक्क्यांची तफावत आहे.

माझे प्रश्न तीन आहेत. तक्त्यातला आकडा नेमका कशावरून येतो? एवढी तफावत स्वीकारण्याजोगी आहे की नाही, हे कसे ठरवावे? आणि वेगवेगळ्या विभागांना आकडा देताना त्यात नेमके काय धरावे आणि काय वगळावे?

कोरी_सळई

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सूत्र एकदा हातात बसले की तक्ता केवळ पडताळणीपुरता लागतो.

साइटवर काम केलेल्या प्रत्येकाला सळईच्या वजनाचा ठोकताळा तोंडपाठ असतो : व्यासाचा वर्ग भागिले १६२, उत्तर किलो प्रतिमीटर. पाइप म्हणजे एका जाड सळईतून आतली बारीक सळई काढून घेतलेली वस्तू. त्यामुळे बाह्य व्यासाच्या वर्गातून अंतर्व्यासाचा वर्ग वजा करायचा आणि १६२ ने भागायचे. तुमच्या पाइपाचा बाह्य व्यास १६८.३ मिमी आणि जाडी ७.११ मिमी, म्हणजे अंतर्व्यास १५४.०८ मिमी. वर्गांतील फरक सुमारे ४,५८४ येतो आणि त्याला १६२ ने भागले की २८.३० मिळतात. तक्त्यातले २८.२६ आणि हे २८.३० यांत जो किरकोळ फरक आहे तो १६२ हा आकडा पूर्णांकात धरल्यामुळे आहे, १६२.२ धरला की फरक उरत नाही.

परिमाणपत्रकासाठी मात्र दुसरी मांडणी अधिक सोयीची आहे. पाइप लांबीत चिरून सपाट केला, तर जी पट्टी मिळेल तिची रुंदी ही पाइपाच्या भिंतीच्या मध्यावरून मोजलेल्या परिघाएवढी असते, आणि तो मध्यव्यास म्हणजे बाह्य व्यास वजा जाडी. पोलादाची घनता ७,८५० किलो प्रतिघनमीटर धरली की सर्व स्थिरांक एकत्र येऊन सूत्र असे होते :

वजन (किलो प्रतिमीटर) = ०.०२४६६ × जाडी × (बाह्य व्यास − जाडी), मापे मिलीमीटरमध्ये.

चुका सूत्रात होत नाहीत, त्यात घातल्या जाणाऱ्या मापांत होतात. सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे बाह्य व्यासाच्या जागी नाममात्र १५० घालणे. तसे केल्यास २५.०५ किलो येतात, म्हणजे अंदाज अकरा टक्क्यांनी कमी. दुसरी चूक म्हणजे कंसातली जाडी वजा न करणे. शेड्यूल ४० च्या या पाइपात त्यामुळे साधारण साडेचार टक्के वजन वाढून दिसते, आणि भिंत जितकी जाड तितकी ही चूक मोठी होत जाते. याच व्यासाच्या शेड्यूल ८० मध्ये ती सात टक्क्यांवर जाते. नाममात्र व्यास आणि बाह्य व्यास ३५० मिमीपासून पुढे, म्हणजे १४ इंचांपासून, जुळतात : १४ इंच म्हणजे ३५५.६ मिमी, आणि बाह्य व्यासही तोच. त्याखालच्या मापांत ते जुळत नाहीत आणि त्यामागे काही साधा नियमही नाही, म्हणून बाह्य व्यास मानकातूनच घ्यावा.

जाता जाता एक गंमत सांगतो. १५० मिमी शेड्यूल ८० चा पाइप ४२.५६ किलो प्रतिमीटर आणि २०० मिमी शेड्यूल ४० चा पाइप ४२.५५ किलो प्रतिमीटर. चलानावर केवळ नग आणि एकूण वजन लिहिलेले असेल, तर कोणता माल आला आहे हे वजनावरून ओळखताच येणार नाही.

निळी_पट्टी

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. फक्त एका मोठ्या खड्ड्याचा उल्लेख राहिला आहे.

'१५० मिमीचा पाइप' एवढेच सांगून भागत नाही, कारण तो कोणत्या मानकातला यावर बाह्य व्यासच बदलतो. अमेरिकी परिमाण-मानकात तो १६८.३ मिमी आहे. भारतीय मानक १२३९ मध्ये येणाऱ्या पाइपांत तो १६५.१ मिमी धरला जातो. शिवाय त्या मानकात शेड्यूल नसून हलका, मध्यम आणि जड असे वर्ग आहेत, ज्यांना बाजारात ए, बी आणि सी क्लास म्हणतात व जे अनुक्रमे पिवळ्या, निळ्या आणि लाल पट्ट्यांवरून ओळखले जातात. त्यातला जड वर्गाचा १५० मिमी पाइप ५.४ मिमी जाडीचा असतो आणि सूत्राने त्याचे वजन २१.३ किलोंच्या आसपास येते. म्हणजे 'जड' हा शब्द वाचून जर कोणी शेड्यूल ४० चा तक्ता उघडला, तर अंदाज प्रत्यक्षापेक्षा एक-तृतीयांशाने फुगतो. लहान मापांत ही दरी अरुंद होते : ५० मिमी शेड्यूल ४० म्हणजे ५.४४ किलो आणि मध्यम वर्गाचा ५० मिमी म्हणजे ५.०३ किलो. तेथे गफलत लवकर लक्षात येत नाही, हाच तिचा त्रास.

धागाकर्त्यांच्या बाबतीत तफावत पाच टक्क्यांचीच असल्यामुळे वर्गाची अदलाबदल झाली असण्याची शक्यता मला दिसत नाही. पण पाइपांवरचे छापील चिन्हांकन एकदा डोळ्यांखालून घालावे.

जाडीमापक

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो.

पोलादी पाइप लाटून किंवा पत्रा वळवून तयार होतात आणि त्यांची जाडी अगदी तंतोतंत कधीच नसते. ए ५३ मध्ये कोणत्याही बिंदूवरची जाडी नाममात्र जाडीपेक्षा जास्तीत जास्त १२.५ टक्क्यांनी कमी चालते, आणि वजनात दोन्ही बाजूंना १० टक्क्यांची सवलत आहे. तुमच्या पाइपासाठी किमान जाडी ६.२२ मिमी होते. पत्र्यापासून वेल्ड करून बनवलेल्या पाइपात उत्पादकाला जाडीवर चांगले नियंत्रण ठेवता येते, आणि ज्याला नियंत्रण ठेवता येते तो स्वाभाविकपणे सवलतीच्या खालच्या बाजूला राहतो. त्यात फसवणूक नाही; पण खरेदीदाराने ते गृहीत धरले पाहिजे.

वजनकाट्यावरच्या आकड्यावरून सरासरी जाडी उलट काढता येते. १२,९०० भागिले ४८० म्हणजे २६.८८ किलो प्रतिमीटर. त्याला ०.०२४६६ ने भागले की १,०९० मिळतात, आणि जाडी × (१६८.३ − जाडी) हा गुणाकार १,०९० करणारी जाडी ६.७५ मिमी आहे. ही किमान जाडीच्या बरीच वर आहे.

परंतु या हिशेबात ४८० मीटर ही लांबी गृहीत धरलेली आहे. पाइप खरोखर सहा-सहा मीटरचे आहेत का, हे कोणी मोजले आहे का? कित्येकदा जाडीवर खापर फुटते आणि प्रत्यक्षात तूट लांबीत असते. सर्व नग फितीने मोजा, आणि काही पाइपांवर अल्ट्रासॉनिक जाडीमापकाने परिघाच्या चार बाजूंना वाचने घ्या. पाइपाच्या टोकाशी व्हर्निअर लावून भागत नाही, कारण टोकाला बेव्हल (वेल्डिंगसाठी दिलेला तिरपा छेद) केलेला असतो आणि कापताना आलेला काठही तेथेच असतो.

मोजमापक (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. चिन्हांकन तपासले, ए ५३, ग्रेड बी आणि शेड्यूल ४० असेच आहे.

लांबीबाबतची शंका खरी ठरली. सर्व ८० नगांची प्रत्यक्ष बेरीज ४७३.६ मीटर भरली, म्हणजे सरासरी ५.९२ मीटर. जाडीची वाचने बहुतेक ६.७ ते ७.० मिमीच्या दरम्यान आली. आता याचा अर्थ कसा लावावा?

जाडीमापक

आता ६६५ किलोंच्या तफावतीचे दोन तुकडे स्वच्छ वेगळे होतात.

प्रत्यक्ष लांबीवर तक्त्याने वजन काढले तर ४७३.६ × २८.२६ = १३,३८४ किलो. म्हणजे देयकातील १८१ किलो हे न आलेल्या ६.४ मीटर पाइपाचे आहेत. उरलेले ४८४ किलो जाडीतल्या फरकाचे. काट्यावरील वजन प्रत्यक्ष लांबीने भागले की २७.२४ किलो प्रतिमीटर येतात आणि त्यावरून सरासरी जाडी ६.८४ मिमी निघते. तुमच्या जाडीमापकाच्या वाचनांशी ती व्यवस्थित जुळते, म्हणून वजनकाट्यावर संशय घेण्याचे कारण नाही.

तक्त्याच्या तुलनेत ही घट ३.६ टक्के आहे. ए ५३ साठी ती निर्विवाद स्वीकारार्ह आहे. हाच माल ए १०६ प्रतीचा, म्हणजे जोडरहित पाइप म्हणून मागवला असता, तर तेथे प्रत्येक नगाच्या वजनातील घट ३.५ टक्क्यांपर्यंतच चालते, आणि मग सरासरीच सीमेच्या पलीकडे गेलेली असल्यामुळे एकेक नग तोलून पाहावा लागला असता.

काटेकोर

देयकाबद्दल थोडक्यात लिहितो. न आलेल्या लांबीचे १८१ किलो कोणत्याही परिस्थितीत वजा व्हायला हवेत. जाडीतल्या ४८४ किलोंचे काय करायचे, हे खरेदी आदेशातील एका वाक्यावर अवलंबून आहे : देयक सैद्धांतिक वजनावर आहे की प्रत्यक्ष वजनावर. सैद्धांतिक असेल तर ते ४८४ किलो द्यावे लागतील, कारण माल मानकात बसतो. प्रत्यक्ष असेल तर काट्याचा आकडा अंतिम. आणि आदेशात काहीच लिहिलेले नसेल, तर दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा अर्थ लावतील; माझ्या अनुभवात बहुतेक तंटे याच रिकाम्या जागेतून उभे राहतात.

वजनकाट्याच्या बाबतीत एवढेच पाहावे की रिकाम्या ट्रकचे वजन त्याच काट्यावर, त्याच दिवशी घेतलेले आहे, आणि पाइपांखालची लाकडे व साखळ्या दोन्ही वेळा एकतर आत आहेत किंवा दोन्ही वेळा बाहेर आहेत. चालक एका वेळी केबिनमध्ये आणि दुसऱ्या वेळी खाली, हे तर नेहमीचेच.

दहा_टक्के

एवढा कीस काढण्याची खरोखर गरज आहे का? आम्ही तक्त्यातले वजन घेतो आणि सरसकट दहा टक्के वाढवतो. त्यात वेल्ड, फिटिंग, रंग, तूट असे सगळे येऊन जाते आणि आजवर कुठे अडलेले नाही.

कोरी_सळई

सरसकट दहा टक्क्यांना माझा विरोध आहे, आणि तो केवळ तात्त्विक नाही.

उचलण्याच्या कामासाठी वजन वाढवून धरणे योग्यच आहे. तेथे पाइप सवलतीच्या वरच्या बाजूचा असू शकतो हे मानूनच चालावे. खरेदीसाठी मात्र तीच दहा टक्के वाढ म्हणजे गरज नसलेला माल यार्डात पडून राहणे. आणि आधारांच्या आरेखनासाठी दहा टक्के अगदीच अपुरे आहेत, कारण तेथे पाइपापेक्षा पाइपातल्या वस्तूचे वजन जास्त असू शकते. एकच गुणक एका ठिकाणी जास्त, एका ठिकाणी बरोबर आणि एका ठिकाणी धोकादायक ठरत असेल, तर तो केवळ सवयीने चालत आलेला आहे असे म्हणावे लागते.

पाणीदाब

आधारांचा विषय निघालाच आहे म्हणून त्यावर सविस्तर लिहितो, कारण धागाकर्त्यांच्या तिसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर येथे आहे.

तुमच्याच १५० मिमी पाइपाचे उदाहरण घेऊ. रिकामा पाइप २८.२६ किलो प्रतिमीटर. अंतर्व्यास १५४ मिमी असल्यामुळे त्यात प्रत्येक मीटरला १८.६५ किलो पाणी मावते. ही वाहिनी गरम पाण्याची असेल आणि तिच्यावर १२० किलो प्रतिघनमीटर घनतेच्या रॉकवूलचे ५० मिमी आवरण असेल, तर त्याचे ४.१ किलो, त्यावर ०.७ मिमी अॅल्युमिनियमचा पत्रा, त्याचे १.६ किलो. बेरीज ५२.६ किलो प्रतिमीटर. आधार चार-चार मीटरवर असतील तर प्रत्येक आधारावर २१० किलो येतात, आणि केवळ तक्ता पाहणारा ११३ किलो धरतो. संरचना अभियंत्याला पाठवलेल्या पत्रकात कोणता आकडा गेला आहे, हे म्हणूनच विचारले पाहिजे.

याहून फसवी गोष्ट म्हणजे वायुवाहिन्या. हवा किंवा वायू वाहून नेणाऱ्या वाहिनीत वापराच्या काळात भार जवळजवळ रिकाम्या पाइपाएवढाच असतो, आणि आरेखनातही बहुधा तोच धरलेला असतो. पण दाबचाचणी पाण्याने करायची ठरली, तर त्या एका दिवसापुरती ती वाहिनी पाण्याने काठोकाठ भरलेली असते. ६१० मिमी बाह्य व्यास आणि ९.५३ मिमी जाडीचा पाइप घ्या. पोलाद १४१ किलो प्रतिमीटर, आणि आत मावणारे पाणी २७४ किलो. म्हणजे चाचणीच्या वेळी भार जवळजवळ तिप्पट होतो. मोठ्या व्यासाच्या आणि पातळ भिंतीच्या पाइपात हे प्रमाण अधिकच बिघडते, कारण पोलाद परिघाच्या प्रमाणात वाढते आणि पाणी व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. अशा वाहिन्यांना चाचणीपुरते तात्पुरते टेकू द्यावे लागतात, किंवा नियम परवानगी देत असतील तर चाचणी हवेने घ्यावी लागते; त्या चाचणीची जोखीम वेगळी आणि मोठी आहे, पण तो या धाग्याचा विषय नाही.

उलट बाजूही सांगतो. हाच ६१० मिमीचा पाइप दोन्ही तोंडे बंद करून चरात ठेवला आणि चरात पाणी भरले, तर तो प्रत्येक मीटरला २९२ किलो पाणी बाजूला सारतो आणि स्वतः १४१ किलोंचाच आहे. म्हणजे पोलादाचा असूनही तो तरंगतो. १५० मिमी शेड्यूल ४० चा पाइप तरंगत नाही. तो २२ किलो पाणी सारतो आणि स्वतः २८ किलोंचा आहे. चर बुजवण्याआधी पाऊस आला तर कोणती वाहिनी जागची उठेल, हे या दोन आकड्यांच्या तुलनेवरून आधीच कळते.

नवशिकी_अंदाजक

चर्चा वाचून खूप शिकायला मिळाले. माझी एक साधी शंका आहे. वजनात एल्बो (वळणाचा जोड), टी (तीन तोंडांचा जोड), फ्लँज (बोल्टने जोडण्याची कडी) हे कसे धरायचे? आमच्या कार्यालयात नकाशावर मध्यरेषेने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लांबी मोजतात आणि एल्बोंचे वजन वेगळे मिळवतात.

कोरी_सळई

तुमच्या कार्यालयाच्या पद्धतीत एल्बोचे वजन दोनदा धरले जात आहे.

१५० मिमीचा दीर्घ त्रिज्येचा ९० अंशांचा एल्बो घ्या. त्याची त्रिज्या नाममात्र व्यासाच्या दीडपट, म्हणजे सुमारे २२९ मिमी असते. मध्यरेषेवर कोपऱ्यापर्यंत मोजताना दोन्ही बाजूंचे २२९ मिमी, एकूण ४५७ मिमी सरळ पाइप तुम्ही आधीच मोजलेला असतो आणि त्याचे वजन १२.९ किलो होते. प्रत्यक्षात तेथे चाप बसतो. त्याची लांबी ३५९ मिमी आणि वजन सुमारे १०.१ किलो. म्हणजे केवळ एकूण वजनाचाच अंदाज हवा असेल तर कोपऱ्यापर्यंत मोजलेली लांबी एल्बोला पुरून थोडी उरतेही. एल्बोची खरेदी मात्र नगावर होते, तेव्हा खरेदीच्या पत्रकात पाइपाच्या लांबीतून ४५७ मिमी वजा करून एल्बो स्वतंत्र लिहावा.

फ्लँज आणि व्हॉल्व्ह यांना असा कोणताही सोपा मार्ग नाही. त्यांचे वजन दाबवर्गानुसार झपाट्याने वाढते, म्हणून उत्पादकाच्या पत्रकातूनच घ्यावे. लांब सरळ वाहिन्यांत त्यांचा वाटा नगण्य असतो. पंपघरात मात्र तेच वजनदार असतात आणि पाइप नावापुरता उरतो.

निळी_पट्टी

जस्ताच्या लेपाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून भर घालतो. तक्त्यातले वजन सामान्यतः काळ्या पाइपाचे असते. दोन्ही पृष्ठभागांवर ४०० ग्रॅम प्रतिचौरस मीटर जस्त धरले, तर मध्यम वर्गाच्या ५० मिमी पाइपाला प्रतिमीटर १४२ ग्रॅम, म्हणजे २.८ टक्के वाढ होते. १५ मिमी पाइपात हीच वाढ चार टक्क्यांच्या आसपास जाते. पाइप जितका बारीक तितका लेपाचा वाटा जास्त. घरगुती जोडण्यांचा बारीक माल हजारो मीटर असेल, तर हे सोडून देण्यासारखे नाही.

स्टेनलेस पाइपांसाठी ३०४ आणि ३१६ प्रतींना कार्बन पोलादाच्या आकड्यावर साधारण दोन टक्के वाढवले की पुरते.

चरखणकर

पोलादाखेरीज इतर पाइपांचाही उल्लेख व्हावा. सूत्र तेच राहते, फक्त घनतेप्रमाणे स्थिरांक बदलतो : डक्टाइल आयर्नसाठी (चिवट बीड) ०.०२२१, तांब्यासाठी ०.०२८१, एचडीपीई या प्लास्टिकसाठी ०.००२९८.

तरीही दोन ठिकाणी सावध राहावे लागते. डक्टाइल आयर्न पाइपाला एका टोकाला सॉकेट असते आणि आतून सिमेंटचे अस्तर असते. ३०० मिमीच्या आसपास अंतर्व्यासाच्या पाइपात ४ मिमी अस्तराचेच साडेआठ किलो प्रतिमीटर होतात. सॉकेटचे वजन प्रतिनग असल्यामुळे प्रतिमीटर वजन हे पाइप किती लांबीचा आहे यावर बदलते, म्हणून तेथे सूत्राचा हट्ट न धरता उत्पादकाने दिलेले प्रतिनग वजन घ्यावे.

एचडीपीईमध्ये पोलादाच्या नेमके उलटे घडते. तेथे मानकातली जाडी किमान म्हणून दिलेली असते आणि सवलत फक्त वरच्या बाजूला असते. ११० मिमी, एसडीआर ११ च्या (एसडीआर म्हणजे बाह्य व्यास भागिले जाडी) पाइपाची किमान जाडी १० मिमी, सूत्राने २.९८ किलो प्रतिमीटर येतात, पण प्रत्यक्षात आलेला पाइप त्याहून थोडा जडच भरतो. वाहतुकीत त्याचा काही फरक पडत नाही, कारण मोठ्या व्यासाचे प्लास्टिक पाइप वजनाने ट्रक भरण्याच्या कितीतरी आधी जागेने भरतात. तेथे टनांचा हिशेब बाजूला ठेवून ट्रकच्या हौद्यात किती पाइप बसतात, हेच मोजावे.

उचलयंत्र

क्रेनच्या कामासाठी वजन देताना एक गोष्ट नेहमी निसटते, ती म्हणजे स्लिंगचा, म्हणजे माल ज्या दोराने किंवा साखळीने क्रेनला अडकवतात तिचा, कोन.

वर दिलेल्या ६१० मिमी पाइपाचा १२ मीटरचा नग १,६९३ किलोंचा होतो. दोन पायांच्या स्लिंगने उचलताना प्रत्येक पायावर निम्मे, म्हणजे ८४७ किलो येतील असे वाटते. स्लिंगचा पाय क्षितिजाशी ६० अंशांवर असेल तर प्रत्यक्षात ९७८ किलो येतात, आणि ३० अंशांवर असेल तर प्रत्येक पायावर पूर्ण १,६९३ किलो. लांब पाइप उचलताना स्लिंग आखूड पडली की कोन आपोआप सपाट होतो, आणि वजनाचा अंदाज अचूक असूनही स्लिंग तुटते. अशा ठिकाणी स्प्रेडर बीम, म्हणजे स्लिंगचे पाय दूर आणि उभे ठेवणारी आडवी तुळई, वापरणे केव्हाही शहाणपणाचे.

जुनी वाहिनी काढतानाची उचल तर वेगळेच प्रकरण आहे. आत साचलेला गाळ आणि बाहेर चिकटलेली माती यांचे वजन कोणत्याही तक्त्यात नसते; आधी तोंड उघडून आत पाहावे, नंतरच क्रेन बोलवावी.

मोजमापक (धागाकर्ता)

चर्चेच्या आधारे पत्रकाची रचना बदलली आहे. प्रत्येक वाहिनीसाठी मानक, बाह्य व्यास, जाडी आणि लांबी असे मूळ रकाने. त्यावरून रिकाम्या पाइपाचे वजन. पुढे पाणी, आवरण आणि लेप यांचे स्वतंत्र रकाने. खरेदी, वाहतूक, उचल, आधार आणि दाबचाचणी यांसाठी या रकान्यांच्या वेगवेगळ्या बेरजा होतात. पुरवठादाराने न आलेल्या लांबीची वजावट मान्य केली आहे. आदेशात सैद्धांतिक वजनाचा स्पष्ट उल्लेख निघाल्यामुळे जाडीतल्या फरकाचा मुद्दा मी सोडून दिला.

एक शेवटची शंका : प्रतिमीटर वजन किती दशांशांपर्यंत ठेवावे? आणि कापाकापीतली तूट कोणत्या रकान्यात दाखवावी?

जाडीमापक

प्रतिमीटर वजन दोन दशांशांपर्यंत ठेवावे आणि पूर्णांकात आणणे फक्त शेवटच्या बेरजेत करावे. तुमच्याच पाइपात २८.२६ च्या जागी २८ धरले, तर ४८० मीटरमध्ये १२५ किलो नाहीसे होतात. दोनहून अधिक दशांश ठेवण्यात अर्थ नाही. जाडीतच काही टक्क्यांचा फरक असताना तिसरा दशांश काहीच सांगत नाही.

तूट वजनात दाखवू नये, लांबीत दाखवावी, आणि तीही फक्त खरेदीच्या बेरजेत. किती धरावी हे तुकड्यांच्या लांबीवर ठरते. सहा मीटरच्या पाइपातून ३.२ मीटरचे तुकडे हवे असतील, तर प्रत्येक पाइपामागे २.८ मीटरचा तुकडा उरतो. तो दुसरीकडे बसणार की भंगारात जाणार, हे कापणीचा तक्ता मांडल्याशिवाय कळत नाही, आणि कोणतीही ठरावीक टक्केवारी ते सांगू शकत नाही. आधार आणि उचल यांच्या बेरजांत ही तूट अजिबात येऊ देऊ नका, कारण कापून टाकलेला पाइप छताला टांगला जात नाही.